उरलेली दावी

आमच्याकडं बैल विकला तरी दावं विकत नाहीत. बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला, पैसे मोजून झाले, की घेणारा आपल्या खांद्यावरचं नवं दावं काढून बैलाच्या गळ्यात घालतो. मग विकणारा आपलं जुनं सोडून घेतो. आधी बांधायचं, मग सोडायचं. जनावर दोघांच्या मधे मोकळं उभं राहू द्यायचं नाही. दाव्यासोबत दावणीची बरकत जाते, असं जुनी माणसं सांगायची. मला त्यात दुसरंही एक कारण दिसतं. पैसे असले तर बैल एका दिवसात मिळतो. चांगल्या दाव्याची तयारी आखाडात अंबाडी पेरण्यापासून सुरू व्हायची आणि दावं हातात यायला मार्गशीर्ष उजाडायचा.

आमच्या माळवदाच्या घरात ओसरीच्या भिंतीला पाच सागवानी खुंट्या होत्या. त्यांवर अशी उरलेली दावी लटकत असायची. कुठलं दावं कुठल्या बैलाचं, हे वडिलांना अंधारात हात फिरवूनही कळायचं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण खुंटीवरची दावी म्हणजे त्यांची वही होती.

अंबाडी आता भाजीपुरती उरली आहे. शहरातल्या लोकांना आंबट भाजी माहीत असते, वर लसणाची फोडणी आणि भाकरी. पण आमच्या लहानपणी भाजी ही तिची सुरुवातीची कमाई होती. ज्वारीच्या पिकात आणि कडेनं दाट पेरायची, म्हणजे फांद्या न फुटता सरळ उंच जाते. पुरुषभर, दीड पुरुषभर वाढते. पिवळसर फूल येतं, त्याच्या पोटात गडद लाल ठिपका. फुलावर आली की कापायची. खोडाला बारीक कुसं असतात, ती हाताला लागली की रात्री झोप येत नाही. कापून पेंढ्या बांधायच्या, चार दिवस पाला गळू द्यायचा आणि ओढ्याच्या डोहात बुडवून वर दगड ठेवायचे. पंधरा-वीस दिवसांत साल कुजून सुटायला येते. पाणी काळं होतं आणि असा वास सुटतो, की डोहावरून आलेल्या माणसाला घरात घेत नसत. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या खालच्या अंगालाच अंबाडी घालायची, असा गावाचा कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नाही.

कधी काढायची, हे कळण्यात खरी अक्कल. लवकर काढली तर साल खोडाला चिकटून राहते आणि वाख चरबट निघतो. उशीर झाला तर वाखच कुजतो, दोर दिसायला चांगला पण ओढ बसली की तुटतो. दादा एक काडी काढून बोटाच्या पेरावर मोडून बघायचे. साल अखंड सोलून आली की ‘चला’ म्हणायचे. मग कमरेएवढ्या थंड पाण्यात उभं राहून एकेक काडी सोलायची, आपटायची, धुवायची. वाळलेला वाख म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखा दिसतो. उरलेल्या पांढऱ्या काड्या वजनाला काहीच नसतात. त्या वर्षभर चूल पेटवायला पुरायच्या.

वाख घरचा असला तरी दोर वळणं हे आमच्या घरचं काम नव्हतं. ते गावच्या मातंग वस्तीवरच्या आबांचं. पोळ्याला गावातल्या प्रत्येक दावणीला नवी वेसण, म्होरकी, कासरा त्यांनी द्यायचा आणि खळ्यावर त्याचं बलुतं न्यायचं. केरसुणीही त्यांच्याच घरातली. दिवाळीला त्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदीकुंकू वाहायचं आणि ती करणाऱ्याला ओसरीच्या खाली उभं करायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मोठी माणसं त्यांना अरेतुरे करायची. माय मात्र आम्हा पोरांना ‘आबा म्हणायचं’ म्हणून दटावायची. एवढंच तिच्या हातात होतं.

आबांकडं लाकडाची एक भिंगरी होती. वाखाचं टोक तिला अडकवायचं, ती फिरवत ठेवायची आणि डाव्या हातानं वाख सोडत जायचं. सूत एकसारखं आलं पाहिजे. जाड-बारीक झालं की दोर बारीक जागीच तुटणार. अशा सुतांचे पेड करायचे आणि तीन पेड मिळून दोर. लिंबाच्या बुंध्याला तिन्ही पेड बांधायचे, दुसरीकडून एकानं दांडक्यानं पीळ भरत राहायचा आणि दुसऱ्यानं तीन खाचांचा लाकडी ठोकळा पेडांमधून सरकवत न्यायचा. दोर एकट्याला वळता येत नाही. समोर कुणीतरी लागतंच.

मी तासन्‌तास तिथं बसायचो. आबांनी एकदा माझ्या हातात पेड दिला आणि म्हणाले, “पेड उजवीकडं पिळलास ना? मग आता दोर डावीकडं पिळ.”

मी विचारलं, “उलटं कशापायी?”

“पेड उसवाया बघतंय, दोर त्येला उसवू देत न्हाई. दोर उसवाया बघतोय, पेड त्येला धरून ठिवतंय. येकाच बाजूनं पिळलंस तर हात काढला की समदं मोकळं.”

पुढं शाळेत बरंच काही शिकलो. त्यातलं इतकं पक्कं ध्यानात राहिलेलं थोडंच आहे.

दोराचं आयुष्य माणसापेक्षा शहाणपणानं ठरवलेलं असायचं. नवा जाड नाडा मोटेला. पाण्यात-उन्हात झिजला की गाडीवर कडबा आवळायला. त्यातला चांगला तुकडा निघाला तर दावं. दावं झिजलं की मोकळे पेड काढून दूध काढताना म्हशीच्या मागच्या पायांना बांधायची दोरी. तीही गेली की बाजेच्या पायथ्याचं ताणणं. शेवटी जे वीतभर उरेल, ते उकलून त्याचा बोळा करायचा आणि पावसाळ्यात गोठ्यात धुरी करायला वापरायचा. डासं जायची. आमच्या मुलीला शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा एक पाठ होता. ती घरी येऊन विचारायला लागली, आपल्या घरात टाकाऊ काय आहे? माय नुसती हसली. आमच्याकडं टिकाऊच शेवटपर्यंत वापरायचे, टाकायची वेळ यायचीच नाही.

1972 ला मी बारा वर्षांचा होतो. त्याच्या आदल्या सालीही पाऊस धड नव्हता. त्या वर्षी अंबाडी उगवून करपली. दादा आणि माय खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडी खायचो, घरात मिलोची लाल भाकरी असायची. गावात कडबा नव्हता. हौशा आणि पाखऱ्या ही आमची जोडी. त्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या, तेव्हा दादा त्यांना घेऊन तालुक्याच्या बाजाराला गेले. पहाटे गेले, दिवस मावळल्यावर आले. आठ कोसांची येजा. अंगणात उभे राहिले, तेव्हा खांद्यावर दोन दावी होती. माय दारातून नुसतं बघून आत गेली. किती आले, हे तिनं विचारलं नाही. दादांनी दावी धुतली, वाळवली आणि तिसऱ्या खुंटीवर टांगली. जेवले मात्र नाहीत.

घरात एक गाय आणि तिचं वासरू उरलं होतं. वासराचं दावं कुजून तुटलं. नव्याला वाख नाही, आबांकडंही नाही. मायकडं त्या वेळी दोन लुगडी होती, एक अंगावर, एक वाळत. वाळतं होतं ते मधे पार विरलेलं. तिनं ते फाडायला घेतलं. अंगाचा कपडा वाकळीत गेला. काठ तिनं बाजूला ठेवले. लुगडं सगळीकडून फाटतं तेव्हाही काठ शाबूत असतो, कारण तिथं सूत दाट भरलेलं असतं. त्या काठांचे तीन पेड करून तिनं आणि मी ओसरीत बसून दावं वळलं. मऊ होतं. वासराची मान सोलली नाही. पुढं पाऊसपाणी झाल्यावर वाख आला, तरी आमच्या घरात लहान वासराला कापडाचंच दावं घालायची रीत पडली. आणि माय पुढचं वर्षभर एकाच लुगड्यावर होती, ओढ्याला जाऊन अर्धं नेसून अर्धं वाळवायची, हे मला बायकांच्या बोलण्यातून फार उशिरा कळलं.

मी 1976 ला दहावी झालो. पुढं शिकायचं होतं, पण ते राहिलं. तोवर विहिरीवर इंजिन आलं आणि मोट गेली. मोट गेली म्हणजे नाडा गेला, आणि आबांचं निम्मं काम नाड्याचंच होतं. मागोमाग बाजारात नायलॉनचा दोर आला. निळा, पिवळा, चकचकीत. कुजत नाही, उंदीर लागत नाही, वजनाला हलका. लोकांनी घेतला, आम्हीही घेतला. त्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. पण जनावरानं हिसका दिला की तो कातडीत घुसतो. कानामागं, मानेखाली जखम होते, तीवर माशा बसतात. अंबाडीचा दोर ओला झाला की फुगून गाठ घट्ट बसते. नायलॉनची गाठ आपोआप सैल होत जाते. रात्री सुटलेली जनावरं दुसऱ्याच्या पिकात जाऊन जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी त्या गाठींची असतील, असं आपलं माझं मत.

आबांची मुलं बांधकामावर पुण्याला गेली. शेवटच्या दोन हिवाळ्यांत आबांनी मला मुसकी आणि शिंकी विणायला शिकवलं. का शिकवलं, कोण जाणे. मी त्यांच्या जवळ बसणारा एकटाच राहिलो होतो. तीन बोटांच्या मापानं जाळीचा घर धरायचा, गाठ सरकती नाही, बसती मारायची. मुसक्याचं तोंड बैलाच्या नाकपुडीला घासू नये म्हणून कडेला दुहेरी दोरी. शिंक्याला चार दोऱ्या एकाच लांबीच्या, नाहीतर दुधाचं मडकं कलतं. त्यांची भिंगरी त्यांनी मला दिली. ती अजून आहे.

मधली तीसएक वर्षं मी हातानं विशेष काही केलं नाही. शेती, लेकरं, सोसायटीचं कर्ज, एकदा ग्रामपंचायत. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

2014 आणि 2015, सलग दोन वर्षं मराठवाड्यात पावसानं पाठ फिरवली. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या विहिरीत त्या दिवाळीलाच गाळ दिसत होता. सोयाबीन घरात आलं ते पोत्यांनी मोजायच्या ऐवजी पायलीनं मोजावं एवढं. धाकटीचं लग्न ठरायच्या बेतात होतं. शेवटची बैलजोडी विकली. दादांसारखाच दोन दावी खांद्यावर टाकून आलो, फक्त चालत नाही, जीपमधून.

त्याच महिन्यात आमच्या शिवेला लागून शेत असलेल्या एका पोरानं जीव दिला. तिशीतला, दोन लेकरांचा. चांगला कष्टाळू होता. आदल्याच दिवशी माझ्याशी हरभऱ्याच्या बियाण्याचं बोलला होता.

तिसऱ्या दिवसाचं आटोपून मी घरी आलो आणि ओसरीवर बसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं, की खुंट्या रिकाम्या आहेत. पाचही. हौशा-पाखऱ्याची दावी, माझी परवाची दोन, गाडीचा जुना नाडा, सगळं गायब. आडावरचं चऱ्हाटही दिसेना.

बायकोला विचारलं, “दावी कुठं गेली गं?”

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “उंदरं कुरतडायली होती. ठिवली उचलून.”

त्यांतली निम्मी दावी नायलॉनची होती. नायलॉनला उंदीर लागत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी पुढं काही बोललो नाही. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. रात्री उठून ओसरीवर बसायचो. मी उठलो, की तीही उठायची. पाणी प्यायची, भांडं वाजवायची, काही कारण काढून दारात उभी राहायची. माझ्या मनात तसलं काही होतं का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

आठ-दहा दिवसांनी तिनं युरियाच्या रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा माझ्यापुढं आणून टाकला. वर आबांची भिंगरी.

“बसून ऱ्हाण्यापरीस ह्याचं कायतरी करा.”

“काय करू? दोर?”

“दोर नगं,” ती पटकन म्हणाली. “मुसकी करा. शिंकी करा. जाळीचं करा कायबी.”

मी कामाला लागलो. या गोणीचं कसं करायचं ते सांगतो, कुणाला करायचं असेल तर उपयोग होईल. आधी गोण्या तीन पाण्यांनी धुवायच्या. युरिया जनावराच्या पोटात गेला तर विष आहे, आणि मुसकं तर तोंडालाच बांधायचं असतं. मग तोंडाची आणि बुडाची शिवण काढायची. योग्य टोक सापडलं तर ती सर्रकन उसवते, चुकीचं ओढलं तर अर्धा तास जातो. मग उभ्या-आडव्या पट्ट्या एकेक करून सुट्या करायच्या. चार-पाच पट्ट्या एकत्र घेऊन भिंगरीवर पीळ द्यायचा. जोड देताना सगळ्या पट्ट्या एका जागी संपू द्यायच्या नाहीत, पुढं-मागं संपवायच्या, म्हणजे गाठ न मारता नवी पट्टी पिळात घेता येते. हा प्लास्टिकचा धागा बोटं कापतो, म्हणून बोटांना चिंधी गुंडाळायची. आणि तयार वस्तू उन्हात टांगून ठेवायची नाही. ऊन खाल्लं की हा धागा वर्ष-दोन वर्षांत भुगा होतो. अंबाडी पाण्यानं कुजते, हा उन्हानं. पुढं 2018 पासून युरियाची गोणी पन्नासची पंचेचाळीस किलोची झाली. त्याबद्दल शेतकऱ्यांनी बरंच काही बोलून घेतलं, ते खरंच आहे. माझं आपलं म्हणणं, गोणी लहान झाली तर पट्टीही आखूड झाली की.

त्या हिवाळ्यात मी चाळीसेक मुसकी आणि वीस-पंचवीस शिंकी विणली. पहिली पाच-सहा वाकडी झाली. नंतर हाताला आठवलं. हाताची आठवण डोक्यापेक्षा टिकते. गावात उरलेल्या बैलांपेक्षा माझी मुसकी जास्त झाली, तेव्हा शेजारच्या गावात दिली. काहींनी पैसे दिले, काहींनी कडब्याची पेंडी दिली. शिंकी बायका घेऊन गेल्या, दुधासाठी कमी आणि कांदे-लसूण टांगायला जास्त. सूत धरायला समोर माणूस लागायचा, तेव्हा बायको बसायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. पेड ताणून धरायचा, सैल सोडायचा, एवढंच.

मोठी मुलगी पुण्याला असते. तिनं एकदा मला हस्तकलेच्या प्रदर्शनात नेलं. सुती दोरीच्या गाठी मारून केलेली भिंतीवरची शोभा होती, कुंड्या टांगायची शिंकी होती. शिंकंच ते, नाव तेवढं वेगळं. किंमत बघून मी दोनदा शून्यं मोजली. करणारी मुलगी विशीतली होती. मी गाठ हातात घेऊन पाहिली. बसती गाठ होती, स्वच्छ. मी तिला चार दोऱ्यांच्या लांबीचं सांगितलं, कुंडी थोडी कलली होती म्हणून. तिनं लगेच वही काढून लिहून घेतलं. काही लोक अशा गोष्टींना हसतात. मला हसू आलं नाही. तिच्या बोटांनाही चिंधी होती. तिथं आबांना बसवायला हवं होतं, खुर्चीवर, एवढं मात्र वाटलं.

2016 च्या भादव्यात पाऊस झाला. ओढा वाहिला, विहिरीला पाणी आलं. कर्ज लगेच फिटलं नाही, पण धाकटीचं लग्न पार पडलं. पुढच्या वर्षी गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा चांद. तिसऱ्या दिवशी ती अंगणभर उधळायला लागली. बांधायला दावं हवं होतं. मी काही न बोलता गोठ्यात उभा होतो.

बायको आत गेली. आतून कापड फाडल्याचा आवाज आला. तिचं एक जुनं सुती लुगडं होतं, त्याचे काठ घेऊन बाहेर आली. एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती गोठ्याच्या मेढीला टेकून उभी राहिली.

“उजवीकडं का डावीकडं?” तिनं विचारलं.

मी सांगितलं.

दावं झालं, कालवडीला बांधलं. संध्याकाळी मी रानातून आलो, तर ओसरीच्या खुंट्या भरलेल्या होत्या. तिनं दावी कणगीत ठेवली होती, त्यांना ज्वारीच्या भुशाचा वास येत होता. मी अंधारात हात फिरवून मोजली. हौशा-पाखऱ्याची होती. नाडा होता. जुन्या बैलांची होती. माझी शेवटच्या जोडीची दोन मात्र नव्हती. ती अजून आलेली नाहीत. मी विचारलेलं नाही.